गज हातात असेपर्यंत

आप्पा गेल्याची चिठ्ठी माझ्या हातात पडली तेव्हा तलवाड्याच्या एका ओसरीवर दोन सख्खे भाऊ समोरासमोर बसले होते आणि मी त्यांच्या मध्ये. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. थोरल्याच्या हातात आप्पांचा लोखंडी गज होता आणि तो धाकट्याची बाजू सांगत होता. स्वतःची नव्हे, धाकट्याची, कारण आमच्याकडे तशीच पद्धत आहे. तेवढ्यात एसटीडी बूथवाला सायकलवरून आला आणि त्याने माझ्या हातात कागदाचा एक चिटोरा ठेवला. ‘घाटनांदूरहून फोन. आप्पा सकाळी गेले.’ मी तो वाचला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि मुठीत धरून ठेवला. गज कुणाच्या तरी हातात असताना कुणी उठायचं नाही, हा नियम आप्पांचाच. थोरला अडखळत होता, घाम पुसत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता... मी बसून राहिले. शेवटी धाकटा म्हणाला, “हां, बरूबर. माझं म्हननं आसंच हाय.” गज खाली ठेवला गेला आणि मगच मी म्हणाले, “मला जायला हवं. आमचे आप्पा गेले.” दोघे एकदमच उठले. “गाडीची चावी कुठं हाय?” थोरल्याने विचारलं. “खुंटीला,” धाकटा म्हणाला. वर्षभरात ते एकमेकांशी थेट बोललेले हे पहिले शब्द. ते आप्पांना सांगायला हवेत, असं माझ्या मनात आलं, आणि मग चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला खऱ्या अर्थाने कळलं.

भावांनी गाडीने फाट्यापर्यंत सोडलं, तिथून दोन एसट्या बदलून मी पोचले तेव्हा ऊन अजून कलायचं होतं. आम्हा लिंगायतांत माणूस गेला, म्हणजे लिंगैक्य झाला, की त्याला बसवून नेतात. आप्पांना मांडी घालून बसवलं होतं, कपाळावर विभूती, पाठीमागे तक्क्या. रोज दुकानाच्या गादीवर बसत तसेच, फक्त मान जरा कलती, समोरच्याचं नीट ऐकू येत नसल्यासारखी. मी गज घेऊनच आत गेले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, गज त्यांच्याबरोबरच द्या. त्यावर आप्पांच्या पत्नी, त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणतो, रडता रडता थांबल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “कावून? त्यो काय त्येंच्या एकट्याचा हाय?” आणि त्यांनी गज माझ्या हातातून घेऊन भिंतीच्या खिळ्याला टांगला.

आप्पा माझ्या वडिलांचे मामा. घाटनांदूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. धोतरं, लुगडी, मांजरपाट, शर्टाच्या कापडाचे तागे. तो गज त्यांच्या वडिलांचा, वारावर कापड मोजण्याच्या काळातला. पुढे मीटर आले आणि गज निकामी झाला, पण आप्पांनी तो गादीखाली ठेवून दिला. एकदा दोघे चुलतभाऊ बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले आणि गादीवरच भांडायला लागले. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाईना. आप्पांनी गज काढून एकाच्या हातात दिला आणि म्हणाले, “गज हाये तवर तूच बोल. पण आधी ह्याचं काय म्हननं हाय ते सांग. ह्यो बरूबर म्हनला की मग तुझं.” बस्ता बांधायला दुपार झाली, पण दोघे बरोबरच जेवायला गेले. त्यानंतर लोक कापड सोडून भांडणं घेऊन येऊ लागले. पुढे बसस्टँडजवळ तयार कपड्यांची दुकानं झाली, घरोघर रंगीत टीव्ही आले, पोरांना टीव्हीतल्यासारखे शर्ट हवेसे झाले आणि आप्पांची फडताळं रिकामी पडत गेली. आप्पा त्याबद्दल कधी हळहळले नाहीत. रिकाम्या फडताळांत त्यांनी फायली ठेवल्या आणि दारावर पेंटरकडून पाटी रंगवून घेतली : ‘समजूत घर. चपला बाहेर काढाव्यात.’ शहरातली एक संस्था मदत करायला तयार झाली, फक्त तिला दर सहा महिन्यांनी इंग्रजीत अहवाल हवा होता. म्हणून मी.

मी औरंगाबादला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. परत आले तेव्हा माझ्याकडे चांगलं इंग्रजी होतं, बरं मराठी होतं आणि बोलण्याची भीती होती. चार माणसांत मला घसा कोरडा पडल्याशिवाय नावसुद्धा सांगता येत नसे. आप्पांना हे माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला फडताळापाशी बसवलं, वही दिली आणि म्हणाले, “माय, तू बोलत न्हाईस म्हनून तुला घेतलंय. बोलनारे लई हायेत आपल्याकडं.” मला फार बरं वाटलं. मी कोपऱ्यात बसून लिहीत असे आणि माणसं बघत असे. कोण बोलताना नखं खातं, कोण समोरच्याची बाजू सांगताना मुद्दाम अर्धी सांगतं, आणि स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकल्यावर माणसाचे खांदे कसे खाली येतात...

आता द्वारकाबद्दल. हे तिचं खरं नाव नाही. ते तिनेच निवडलं आहे आणि तिचं गाव मी लिहिणार नाही. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम असे कोयते जमवून टोळी करतो. एका वर्षी ती सहा महिन्यांनी परत आली तर बांधावरच्या दोन बाभळी शेजाऱ्याने तोडून नेल्या होत्या, तिने छपरासाठी राखलेल्या. शेजाऱ्याला मी दगडूभाऊ म्हणते, तेही नाव खरं नाही. भांडण झालं, तो हसला, आणि आठवड्याभराने भर दुपारी त्याची कडब्याची गंजी जळून राख झाली. गावाला वाटलं, कुणाच्या तरी बिडीची ठिणगी पडली असेल. कुणी द्वारकाचं नावही घेतलं नाही. तीन आठवड्यांनी ती एकटी समजूत घरात आली, चपला बाहेर काढल्या आणि उभ्यानेच म्हणाली, “आप्पा, गंजी म्या पेटवली. त्येचे बैल हंबरतेत त्ये ऐकू येतंय. मला जेवान जाईना.”

दगडूभाऊला आधी पोलिसांत जायचं होतं. आप्पांनी अडवलं नाही. “जा की. पण आधी एकदा बस, मग जा,” एवढंच म्हणाले. तो बसला. द्वारकाने गज हातात घेऊन त्याची बाजू सांगितली : बैलांच्या पुढे टाकायला काही नाही, विकत कडबा आणायचा तर पेरणीचं बियाणं राहणार, आणि रोज सकाळी राखेवरून गोठ्यात जावं लागतं. मग त्याने तिची सांगितली आणि बाभळींपाशी येऊन गप्प झाला. ठरलं ते असं : बाभळीची खोडं तो परत देणार, आणि रानात गवत उगवेपर्यंत ती रोज सकाळी एक भारा वैरण त्याच्या गोठ्यात टाकणार. आणि हे त्या तिघांच्या बाहेर जाणार नाही. मी वहीत लिहीत होते, म्हणजे खरं तर चौघांच्या. तिने एक दिवसही चुकवला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात दगडूभाऊने नवी गंजी रचली आणि लग्नाला परगावी जाताना राखण तिच्यावर टाकून गेला.

शहरातल्या संस्थेला त्या वर्षी ‘एक सविस्तर हकीकत’ हवी होती. मी सहा पानं लिहिली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की खरे तपशील आले की लिखाण जिवंत होतं. म्हणून मी तिचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, बैलांचं हंबरणंसुद्धा लिहिलं. हे इंग्रजीत आहे, इथे कोण वाचणार, असं मला मनापासून वाटत होतं. इंग्रजी म्हणजे मला कुलूप लावलेली पेटी वाटायची, माझी एकटीची. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी विश्वासाने खाली सही केली. संस्थेला ते इतकं आवडलं की त्यांनी छापलं, आणि तिथून कुणीतरी मराठी करून एका साप्ताहिकात दिलं. अर्धंच, कारण जागा तेवढीच होती : बाईने सूड म्हणून गंजी पेटवली, समजूत घराने समेट घडवला. ती स्वतःहून आली हे त्यात नव्हतं. वैरणीच्या भाऱ्यांचंही काही नव्हतं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. द्वारका आली ती चपलांसकट गादीपर्यंत आली. तिने तो कागद आप्पांच्या मांडीवर टाकला. “हितलं हितंच ऱ्हाईल म्हनला हुता न्हवं? मुकादमानं ह्ये हाटेलात वाचून घेतलं, समद्यांम्होरं. म्हनतो, तुमचा कोयता न्हाई ह्या साली. फडात चहूकडं उसाचं वाळलं पाचट, पाचटाच्याच कोप्या, त्यात लेकरं निजत्यात. आग लावनारी बाई कोन नेईल?” आप्पांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. मला वाटलं, ते मला आत पाठवतील आणि स्वतः सांभाळून घेतील. मोठी माणसं तसंच करतात. आप्पा उठले, आपली जागा सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. “द्वारका, ह्ये आमच्या घरानं केलंय. ह्या पोरीनं लिवलं, म्या न वाचता सही केली. आज मी मधी बसायच्या लायकीचा न्हाई. मधी कोनाला बसवायचं ते तू सांग.”

तिने त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, “ज्याची गंजी जळली त्येला बोलवा.”

दगडूभाऊ दुसऱ्या दिवशी आला. आप्पांच्या जागेवर बसायला इतका लाजला, की गादीच्या कडेलाच टेकला. “नीट बस बे,” आप्पा म्हणाले, “पडशील.” सगळे हसले, मी सोडून. माझ्या हातात गज होता. मी पहिल्यांदाच तो धरला होता. वाटला होता त्यापेक्षा तो जड होता, आणि इतक्या जणांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. मी म्हणाले, “तुमच्या विश्वासाला तडा गेला आणि तुमच्या खासगी आयुष्याची...” द्वारका म्हणाली, “ह्ये कुनाचं बोलनं हाय? माझं न्हाई.” मी पुन्हा सुरुवात केली. मला किती वाईट वाटतंय ते सांगू लागले. “त्ये तुझं झालं. माझं सांग.” आप्पा शेजारी होते, पण त्यांनी मदत केली नाही. ते जमिनीकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि म्हणाले, “गंजी पेटवली हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुणी धरलं नव्हतं. ते सांगायला तुम्हाला तीन आठवडे लागले. मी ते न विचारता उचललं आणि तुम्हाला वाचता येणार नाही अशा भाषेत दुसऱ्याला दिलं. आता फडात कुणाच्या चुलीची ठिणगी उडाली, तरी सगळे आधी तुमच्याकडे बघतील. तुम्ही वैरण फेडून ते संपवलं होतं. मी ते परत चालू केलं.”

“बरूबर,” द्वारका म्हणाली.

दगडूभाऊने तिला विचारलं, पोरीनं काय करावं? मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “माफी घिऊन काय करू? चूल पेटवू? मुकादमाम्होरं चल. जिथं वाचलं तिथंच सांग, ऱ्हायलेलं अर्धं.” मी आप्पांकडे बघितलं. मला वाटतं, तेवढं एकदाच मी त्यांच्याकडे काही मागितलं असेल. ते म्हणाले, “मी येतो की संगं. पण बोलनार तू.”

ट्रक भरायच्या दिवशी आम्ही गेलो. हॉटेलासमोरच्या मोकळ्या जागेत बोजे, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, पोरंबाळं. आप्पा बाकड्यावर बसले आणि त्यांनी चहा मागवला, जणू फक्त चहासाठीच आल्यासारखा. मी मुकादमासमोर उभी राहिले. माझा आवाज पहिल्या वाक्याला फुटलाच नाही, दुसऱ्याला फुटला. मी सांगितलं, की तुम्ही वाचलं ते मी लिहिलं होतं, आणि ते अर्धंच छापलं. मग उरलेलं अर्धं सांगितलं. मुकादम मिशीतून हसला. “ताई, विंग्रजी शाळेच्या दिसता. फडात आग लागली, तर तुमी येनार का बादली घिऊन?” लोक हसले. तेव्हा मला सुचलं ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं. मी म्हणाले, “आग लागली तर कुणामुळं लागली हे तुम्हाला कधी कळेल? हिनं न विचारता स्वतः येऊन सांगितलं. तुमच्या टोळीत असं सांगणारं दुसरं कोण आहे?”

मग बोज्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, “मुकादम, गेल्या साली गाडीचं जू कुनी मोडलं रं? आजून गावलं न्हाई की!” तेव्हा जे हसू उसळलं ते मुकादमावर. पाठीमागून दगडूभाऊचा आवाज आला, “गंजी माझी जळली, मुकादम. नव्या गंजीची राखण हिनंच केली. आता तुमी बगा.” मुकादमाने मान खाजवली, ट्रककडे बघितलं, द्वारकाकडे बघितलं. “बसा,” तो म्हणाला. “बसा लवकर, ऊन होतंय.” ती ट्रकात चढली. वळून माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

दुकानात परत आल्यावर आप्पांनी नवा नियम केला : ज्याचं लिहिलं ते आधी त्याला वाचून दाखवायचं, त्याच्या भाषेत, आणि तो ‘बरूबर’ म्हणेपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यामुळे आमचे अहवाल उशिरा जाऊ लागले. संस्थेची खरमरीत पत्रं येत, मी ती आप्पांना वाचून दाखवी, ते म्हणत, “त्येंचंबी बरूबर हाय,” आणि काही बदलत नसत.

ते नियम असेच करत, चुकल्यावर. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका मार खाल्लेल्या मुलीची समजूत घालून तिला सासरी परत पाठवलं होतं. ती महिन्याभरात मोडलेला हात घेऊन माहेरी आली. त्या दिवसापासून, जिथे हात उचलला गेलाय तिथे गज काढायचा नाही, आधी मुलगी सुरक्षित, मग पोलीस, हे त्यांनी ठरवून टाकलं. ही गोष्ट ते नव्या माणसाला स्वतःहून सांगत, स्वतःची चूक म्हणून. हट्टी होते. रागावले की दोन दिवस अबोला धरत, आणि अक्कांशी भांडण झालं की अक्का गज आणून त्यांच्या पुढे टाकत : “घ्या. आधी माझं सांगा.” तेव्हा त्यांची फार फजिती होई. पण सांगत.

गेल्या वर्षापासून ते मला मध्ये बसवू लागले होते. मी तलवाड्याला निघाले त्या सकाळी त्यांनी खिळ्यावरून गज काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला दिला. “एकटी जा. थोरला खोटं बोलंल, त्येला घाई करू नको.” एवढंच. तो शेवटचा निरोप आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून तो इतका साधा झाला. थोरला खोटं बोलला नाही, आप्पा. तेवढं एक तुमचं चुकलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी दोन ठिकाणी वाचून दाखवला. तलवाड्याच्या भावांनी ऐकून घेतला आणि चावीची गोष्ट राहू द्या म्हणाले. मग परवा द्वारका आली. ती आता फडातून परतली आहे. समजूत घरात गादीवर बसून मी तिला तिचा भाग वाचून दाखवला. एके ठिकाणी तिने हात वर केला. “म्या रडले म्हनून लिवलंस? म्या न्हाई रडले.” तिथे एक वाक्य होतं, ते आता नाही. मुकादमाचं ऐकताना ती पोट धरून हसली. शेवटी म्हणाली, “बरूबर.” आणि थोड्या वेळाने, “पर आप्पांचं? त्येंच्याबद्दल एवढं लिवलंस, त्येंचं बरूबर कोन म्हननार?”

तिने खिळ्यावरचा गज काढला आणि आप्पा बसत तिथे ठेवला. इतक्या वर्षांच्या बसण्याने तिथे गादी खोलगट झाली आहे, गज तिच्यात अलगद बसला. आतून अक्कांच्या भांड्यांचा आवाज येत होता... कुणी काही म्हणालं नाही, आणि कुणी नाहीही म्हणालं नाही.

मग द्वारकानेच गज उचलला आणि माझ्या हातात दिला.

“दारात दोघं कवाधरनं हुबी हायेत,” ती म्हणाली. “एकमेकाकडं बघंनात. बोलव की त्येंला.”

मी त्या खोलगट जागेवर सरकून बसले आणि त्यांना चपला बाहेर काढून आत यायला सांगितलं.